लाखनीच्या ठेल्यावरचा ‘सिंगापुरी’ आणि सिंगापुरातलं खरं खाणं

ज्यांचा डेटा संध्याकाळपर्यंत संपतो, ज्यांना एसटीच्या आवाजात काही ऐकू येत नाही, आणि ज्यांना पदार्थांची नावं लिहून घ्यायची आहेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथं अडखळलो तिथं जरा नीट केलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय सिंगापूरचं खाणं. पण सुरुवात लाखनीपासून करावी लागेल, कारण हा भाग तिथंच सुरू झाला.

लाखनी कुठं आहे हे आपल्या भंडाऱ्याच्या पोरांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जो राष्ट्रीय महामार्ग आहे, आधीचा ६ नंबर आणि आताचा ५३, त्यावर भंडारा आणि साकोली यांच्या मधे आमचं गाव लागतं. आजूबाजूला धानाच्या बांध्या, तलाव आणि राइस मिल. या गावात माझा एक शाळेतला दोस्त चायनीजचा ठेला लावतो. मी बीटेक करून लॅपटॉपपुढे बसलो. तो बारावीनंतर नागपुरात एका हॉटेलच्या किचनमध्ये चार वर्षं राबला आणि गावात येऊन स्वतःची भट्टी पेटवली. लाल बोर्ड, पिवळी अक्षरं: मंचुरियन, हक्का, शेजवान, ट्रिपल आणि सगळ्यात खाली ‘सिंगापुरी राईस’.

मागच्या वर्षी कंपनीनं मला एका प्रोजेक्टसाठी सहा आठवडे सिंगापूरला पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी ठेल्यावर गेलो तर हा म्हणाला, “काय गा, तू त चालला सिंगापूरले. मग एक काम करजो. तिथं सिंगापुरी राईस खाजो अन् मले सांगजो, आपला बराबर आहे का चुकते म्हणून.”

म्हटलं, त्यात काय एवढं. सहा आठवडे आहेत, सापडेल कुठंही.

नाही सापडला.

‘सिंगापुरी’ नावाची भानगड

पहिल्या आठवड्यात मी चार ठिकाणी विचारलं. ऑफिसातल्या एका सिंगापुरी सहकाऱ्याला फोनवर बोर्डाचा फोटो दाखवला, तर तो हसायलाच लागला. मग त्यानं सांगितलं ते असं. जगभरच्या चायनीज हॉटेलांत ‘सिंगापूर नूडल्स’ मिळतात. तांदळाच्या बारीक शेवया, हळदीमुळे पिवळ्या, करी पावडर टाकून परतलेल्या. हा पदार्थ हाँगकाँगच्या कँटोनीज हॉटेलांमधून जगभर पसरला. सिंगापूर म्हणजे मसाला, सिंगापूर म्हणजे करी, असं समजून हे नाव दिलं गेलं असावं. खुद्द सिंगापुरात तांदळाच्या शेवया परततात, पण करी पावडर घालून पिवळ्या करायची तिथली रीत नाही. आपल्याकडच्या ठेल्यांनी तेच नाव उचललं, शेवयांच्या जागी भात घेतला, वरून शेजवान चटणी टाकली आणि झाला सिंगापुरी राईस.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मंचुरियनचंही तेच आहे. चीनमधल्या मांचुरियाशी त्याचा काही संबंध नाही. चिकन मंचुरियनचं श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांना दिलं जातं, आणि जागा सांगतात मुंबईचं क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, साल १९७५. म्हणजे आपल्या बोर्डावरचा सगळ्यात चिनी वाटणारा पदार्थ महाराष्ट्रातलाच निघाला.

मग खऱ्या सिंगापुरात लोक खातात काय? आणि कुठं?

आधी जागा समजून घ्या: हॉकर सेंटर

‘हॉकर’ म्हणजे फेरीवाला. हॉकर सेंटर म्हणजे एक मोठं, चारही बाजूंनी मोकळं, छप्पर असलेलं ठिकाण. कडेनं आणि मधे लहान लहान गाळे, साधारण आपल्या पानठेल्याहून थोडे मोठे. मधे जमिनीत पक्की केलेली टेबलं. प्रत्येक गाळा एक-दोनच पदार्थ करतो. कुणी फक्त चिकन राईस, कुणी फक्त सूप, कुणी फक्त उसाचा रस. तुम्ही एका गाळ्यावरून भात घ्या, दुसऱ्यावरून सरबत घ्या आणि कुठल्याही टेबलावर बसा. देशभरात अशी शंभराहून जास्त सेंटर आहेत. सरकारी वसाहतींच्या मधोमध, बहुतेक वेळा भाजीबाजाराला लागून.

मला वाटलं होतं की तिथं हे पहिल्यापासूनच असं चकाचक असेल. तसं अजिबात नव्हतं. १९६० च्या दशकापर्यंत सिंगापूरचे रस्ते आपल्यासारख्याच हातगाड्यांनी भरलेले होते. नळाचं पाणी नाही, एकाच बादलीत सगळी भांडी विसळायची, खरकटं गटारात, गटार नदीत. पटकी आणि विषमज्वराची भीती कायम. १९६८-६९ मध्ये सरकारनं फेरीवाल्यांची मोजणी केली आणि सुमारे १८,००० रस्त्यावरच्या विक्रेत्यांची नोंद करून त्यांना तात्पुरते परवाने दिले. मग १९७१ पासून सेंटर बांधायला घेतली आणि लोकांना टप्प्याटप्प्यानं तिथं हलवलं. १९८६ पर्यंत हे काम आटोपलं. याच काळात, १९७७ ते १९८७ मध्ये, सिंगापूर नदी साफ करायची मोठी मोहीम चालली होती. तिचाही यात वाटा होता.

क्रम लक्षात घ्या. आधी मोजणी, मग परवाना, मग जागा, मग हलवणं. हे मी मुद्दाम सांगतोय, शेवटी कामाला येईल.

१६ डिसेंबर २०२० ला युनेस्कोनं सिंगापूरची हॉकर संस्कृती मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्या देशाची त्या यादीतली ही पहिलीच नोंद.

बसायचे नियम

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं एक पाकीट पडलेलं दिसलं. मला वाटलं कुणी विसरलंय. बाजूला सरकवलं आणि बसलो. दोन मिनिटांत एक आजी ताट घेऊन समोर उभ्या. त्यांनी पाकिटाकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. तिथं याला ‘चोप’ करणं म्हणतात. टेबलावर टिश्यूचं पाकीट, छत्री, ऑफिसचं कार्ड, काहीही ठेवलं की जागा धरली गेली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

दुसरा नियम, खाऊन झाल्यावर ट्रे आणि भांडी स्वतः रॅकवर नेऊन ठेवायची. सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये हे सक्तीचं आहे. पहिल्यांदा समज देतात, पुन्हा केलं तर दंड होऊ शकतो. बऱ्याच ठिकाणी हलाल आणि बिगर-हलाल ताटांचे रॅक वेगवेगळे असतात. त्यात गल्लत करू नका.

तिसरं, रोख थोडी जवळ ठेवा. क्यूआर कोड बऱ्याच गाळ्यांवर असतात, पण आपलं भारतातलं ॲप तिथं प्रत्येक ठिकाणी चालेलच असं नाही.

भाताची माणसं, भातापासून सुरुवात

आपण भंडाऱ्याचे, म्हणजे भातावरून माणसाची पारख करणारे. म्हणून पहिला नंबर हैनानीज चिकन राईसचा. चीनच्या हैनान बेटावरून आलेल्या लोकांनी हा पदार्थ इथं रुजवला. अख्खी कोंबडी मंद आचेवर पाण्यात शिजवतात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे कातडी घट्ट होते आणि आतलं मांस मऊ राहतं. मग कोंबडीची चरबी, आलं, लसूण यांवर तांदूळ परतून तो त्याच पाण्यात शिजवतात, आणि त्यात पांदानचं पान टाकतात. पांदान म्हणजे केवड्याच्या जातीतलं पान. झाकण उघडलं की जो वास येतो ना, आपल्या घरी चिन्नोरचा भात शिजताना येतो त्याच्या जवळचा. सोबत मिरचीची आंबट चटणी, आल्याची चटणी आणि काळा घट्ट सोया सॉस.

आता खरं सांगतो. ताट समोर आलं तेव्हा मला वाटलं, हे तर फिक्कं! सावजी खाल्लेल्या माणसाला पांढरी कोंबडी बघून रडू येईल. पण चिकन बाजूला ठेवा आणि आधी नुसता भात खा. सगळी चव भातात असते. मॅक्सवेल फूड सेंटरमधला तियान तियान हा गाळा यासाठी प्रसिद्ध आहे. रांग मोठी असते. पण रांग नसलेल्या गाळ्यांवरही मी तीनदा खाल्ला आणि एकदाही वाईट निघाला नाही.

दुसरा भात नासी लेमाक. हा मलय लोकांचा. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, तळलेली बारीक सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी, अंडं आणि सांबल नावाची तिखट-गोड लाल चटणी. सुक्या मासळीचा वास आमच्या आठवडी बाजाराची आठवण करून देतो. हा पदार्थ आपल्या जिभेला लगेच पटतो.

नूडल्स: हे तुमच्या ठेलेवाल्याला दाखवा

चार क्वे तियाओ म्हणजे तांदळाच्या रुंद, चपट्या नूडल्स. काळा सोया सॉस, अंडं, मोड, शिंपल्यातलं मांस, चिनी सॉसेज, आणि पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी. भट्टी पूर्ण तापलेली असते आणि लोखंडी कढईत दोन मिनिटांत काम संपतं. या आचेतून जो धुरकट स्वाद येतो त्याला कँटोनीजमध्ये ‘वोक हे’ म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. माझ्या दोस्ताला हे सांगितलं तर म्हणाला, “हे त आपल्याले माहीत आहे. भट्टी धीमी केली की गिऱ्हाईक म्हणते, आज मजा नाही.” नाव माहीत नव्हतं, गोष्ट माहीत होती.

लाक्सा म्हणजे नारळाच्या दुधाचा, सुक्या कोळंबीचा आणि मसाल्याचा झणझणीत रस्सा, त्यात तांदळाच्या जाड शेवया. चिनी आणि मलय घराणी एकमेकांत मिसळून जो पेरानाकन समाज तयार झाला, त्यांच्या स्वयंपाकातला हा पदार्थ. काटोंग भागातल्या लाक्सात शेवया कापून आखूड करतात, त्यामुळे नुसत्या चमच्यानं खाता येतो. तर्री पोहे खाऊन वाढलेल्या माणसानं रश्शाची वाटी तोंडाला लावली तर कुणी काही म्हणत नाही. मी लावली.

कॅरट केक नावाला फसू नका. यात ना गाजर, ना केक. पांढरा मुळा किसून तांदळाच्या पिठात वाफवतात, वडी कापतात आणि अंड्याबरोबर तव्यावर परततात. चिनी बोलीत मुळा आणि गाजर यांची नावं जवळची आहेत, म्हणून हा गोंधळ. पांढरा घेतला तर खारट, काळा घेतला तर गोड सोया सॉसचा. अळूवडी आपण आधी वाफवतो आणि मग तव्यावर खरपूस करतो, तसंच तंत्र.

भारतातून गेलेले आणि बदललेले

लिटल इंडियातलं टेक्का सेंटर हे आपल्या माणसांचं पहिलं आश्रयस्थान. तिथं रोटी प्राटा खा. मैद्याचा गोळा तेला-तुपात मुरवून हवेत फिरवत पातळ करतात, घडी घालतात, तव्यावर भाजतात आणि माशाच्या किंवा मटणाच्या रश्शाबरोबर देतात. दक्षिण भारतातून गेलेल्या लोकांचा हा पराठा. शाकाहारी असाल तर डाळ मागा. सिंगापुरात बरेच लोक हा साखर लावूनही खातात. मी नाक मुरडलं, मग खाल्ला, मग दुसरा मागवला. आपण पोळीला तूप-साखर लावून खातोच की.

फिश हेड करी हा आणखी एक नमुना. केरळहून आलेले एम. जे. गोमेझ यांनी १९४९ च्या सुमारास हा पदार्थ सुरू केला असं मानतात. चिनी गिऱ्हाइकांना माशाचं डोकं आवडतं, म्हणून त्यांनी ते केरळी पद्धतीच्या करीत सोडलं. आमच्याकडे तलावातल्या माशाचं डोकं घरातल्या ज्येष्ठाच्या ताटात जातं. तिथं ते अख्खं भांडं भरून येतं आणि चार जण मिळून खातात.

साते म्हणजे बांबूच्या काडीवर भाजलेले मांसाचे तुकडे, सोबत शेंगदाण्याची गोडसर-तिखट चटणी, कांदा, काकडी आणि भाताची दाबून केलेली वडी. लाऊ पा सात या १८९४ च्या लोखंडी बांधणीच्या जुन्या बाजाराशेजारची गल्ली संध्याकाळी सातनंतर गाड्यांसाठी बंद होते आणि रस्त्यावर टेबलं लागतात. चारी बाजूंना काचेचे टॉवर आणि मधे कोळशाचा धूर.

चिली क्रॅबबद्दल सगळेच सांगतील. चेर याम तियान नावाच्या बाईंनी १९५६ मध्ये नदीकाठी हातगाडीवर तो विकायला सुरुवात केली, हे मात्र कमी लोक सांगतात. आज तो मोठ्या हॉटेलांत किलोवर विकला जातो आणि खिसा रिकामा करतो. चौघांत एक घ्या. धानाच्या बांधीत हात घालून खेकडे पकडलेल्या माणसाला ते बिल बघून थोडं दुःख होतं, पण तळलेल्या मांतू पावात बुडवलेली ती ग्रेव्ही लक्षात राहते.

गोड आणि गार

पुतू पिरिंग खाताना मला घरची आठवण आली. तांदळाचं पीठ, आत ताडाचा गूळ, वाफवून वर खोबरं. मोदक बिनकळ्यांचा केला तर जसा लागेल तसा. चेंडोल म्हणजे बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, ताडाच्या गुळाचा पाक आणि पांदानच्या हिरव्या पिठाच्या शेवया. उन्हाळ्यात बर्फाच्या गोळ्यावर वाढलेल्या पोरांनी हा चुकवू नये.

कोपीची कमांड

इथं माझ्यातला इंजिनियर जागा होतो. सिंगापुरात कॉफीला कोपी म्हणतात. बिया साखर आणि मार्गारीन घालून भाजतात आणि कापडाच्या लांब गाळणीतून गाळतात. ऑर्डर देणं म्हणजे सरळ कमांड लाइन आहे. मूळ कमांड ‘कोपी’, म्हणजे कॉफी आणि आटवलेलं गोड दूध. पुढे फ्लॅग लावत जा. ‘ओ’ लावला की दूध नाही, साखर आहे. ‘सी’ लावला की गोड दुधाऐवजी बिनसाखरेचं आटीव दूध आणि वेगळी साखर. ‘कोसोंग’ म्हणजे साखर नाही. ‘सिउ दाय’ म्हणजे साखर कमी. ‘गाव’ म्हणजे कडक. ‘पेंग’ म्हणजे बर्फ घालून. तर ‘कोपी ओ कोसोंग पेंग’ म्हणजे? बरोबर: काळी, बिनसाखरेची, गार. चहा हवा असेल तर ‘कोपी’ काढून ‘ते’ टाका, बाकी फ्लॅग तेच.

सोबत काया टोस्ट घ्या. नारळ, अंडं आणि साखर यांचा जॅम, त्यावर लोण्याची जाड चकती. बाजूला अर्धीकच्ची अंडी, सोया सॉस आणि मिरपूड टाकून.

शाकाहारी, सोमवारवाले आणि शंकेखोर

हा प्रश्न सगळ्यात जास्त आला, म्हणून नीट ऐका. माफ करा, वाचा.

एक, दिसायला शाकाहारी म्हणजे शाकाहारी नाही. सांबल चटणीत बहुतेक वेळा कोळंबीची पेस्ट असते. फळं-भाज्यांच्या रोजाकमध्येही असते. नूडल्समध्ये चरबी असू शकते. भाजीच्या सूपचं पाणीही हाडांचं असू शकतं.

दोन, ‘व्हेजिटेरियन’ पाटीचे चिनी गाळे शोधा. बौद्ध परंपरेमुळे त्यातल्या अनेक ठिकाणी कांदा-लसूणसुद्धा नसतो. म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या आईलाही नेता येईल. तिथं ‘व्हेजिटेरियन बी हून’ मागा, म्हणजे तांदळाच्या परतलेल्या शेवया. वरचे मटणासारखे दिसणारे तुकडे सोयाचे किंवा गव्हातल्या प्रथिनांचे असतात. घाबरू नका. अंडं चालत नसेल तर तेवढं विचारा.

तीन, सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून सुरू आहे. डोसा, भात, सांबार. चौथ्या दिवशी जीव कासावीस झाला की तिथं जायचं.

चार, डुक्कर किंवा बीफ नको असेल तर ऑर्डर देण्याआधी विचारा. कुणाला राग येत नाही. एकाच टेबलावर मलय, चिनी, तमिळ माणसं आपापलं ताट घेऊन बसतात, त्यामुळे ‘हे चालत नाही’ हे वाक्य तिथं रोजचं आहे.

खर्च

मी गेलो तेव्हा एक सिंगापूर डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता. हॉकर सेंटरमध्ये एक ताट साधारण ४ ते ६ डॉलरला, कोपी दीड-दोन डॉलरला. म्हणजे दिवसाचे तीन वेळचे पोट भरायला हजार-बाराशे रुपये. आपल्यासाठी हे स्वस्त नाही, पण त्या शहरासाठी फारच स्वस्त आहे. २०१६ मध्ये चायनाटाउन कॉम्प्लेक्समधल्या चॅन हॉन मेंग यांच्या गाळ्याला मिशेलिन स्टार मिळाला, तेव्हा त्यांची सोया सॉस चिकनची प्लेट २ डॉलरच्या आसपास होती. पुढे २०२१ मध्ये तो स्टार गेला. पण एका गाळेवाल्याला तो मिळू शकतो, हे जगानं बघितलं.

परत लाखनी

आलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी ठेल्यावर गेलो. फोनमध्ये दोनशे फोटो. म्हटलं, आता याला चिकन राईसची रेसिपी सांगतो, नूडल्सचा व्हिडिओ दाखवतो.

त्यानं फोटो बघायला सुरुवात केली. चिकन राईसवर थांबला नाही. लाक्सावर थांबला नाही. एका फोटोवर अंगठा थांबला. मी गाळ्याचा काढलेला होता, त्यात मागं एक काका भांडी धुत होते. त्यानं तो मोठा केला.

“हा नळ हाये का?”

म्हटलं, “हो. प्रत्येक गाळ्याला आहे. सिंक पण आहे.”

तो काही बोलला नाही. त्याच्या ठेल्याखाली वीस-वीस लिटरच्या दोन कॅन असतात. तेवढ्या पाण्यात रात्री अकरापर्यंत भागवायचं.

गेल्या काही वर्षांत त्याची जागा तीनदा बदलली. आमच्या गावावरून उड्डाणपूल गेला. आधी नागपूर-रायपूरच्या गाड्या ठेल्यासमोर थांबायच्या, आता वरून जातात. खाली सर्व्हिस रोडवर उभं राहिलं तर वाहतुकीला अडचण, आत गेलं तर गिऱ्हाईक येत नाही. बुटीबोरीला गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम आहे, तिथं जायचा विचार त्यानं मला याआधी दोनदा बोलून दाखवला होता. मी दोन्ही वेळा ‘बघ बाबा’ म्हणून विषय बदलला होता.

त्या रात्री त्यानं मला विचारलं, “तिथं त्यायले गाळा कोणं देल्ला?”

मी मघाचा क्रम सांगितला. मोजणी, परवाना, जागा, मग हलवणं. हेही सांगितलं की तिथं सगळं गोड नाही. जुन्या लोकांना सवलतीच्या भाड्यात गाळे मिळाले, नव्यांना मात्र बोली लावून घ्यावे लागतात. गाळेवाल्यांचं सरासरी वय साठीच्या घरात गेलंय. बारा-चौदा तास आगीसमोर उभं राहायला त्यांची पोरं तयार नाहीत. एकीकडे युनेस्कोची यादी, दुसरीकडे गाळा पुढे कोण चालवणार ही चिंता. तो म्हणाला, “म्हणजे तिथंबी पोट्टे कॉम्प्युटरवरच जाते.” माझ्याकडे बघून म्हणाला.

मग आम्ही दोघांनी फोनवर आपला कायदा वाचला. मलाही तो नीट माहीत नव्हता, हे कबूल करतो. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा केंद्राचा कायदा २०१४ चा आहे. त्यात तोच क्रम लिहिलाय. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी आणि तिचे किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत. पाच वर्षांतून किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हावं. सर्वेक्षणात सापडलेल्यांना विक्री प्रमाणपत्र मिळावं. सर्वेक्षण आणि प्रमाणपत्रं पूर्ण होईपर्यंत कुणालाही हटवू नये. आणि प्रमाणपत्र असलेल्याला हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी. याशिवाय २०२० मध्ये सुरू झालेली पीएम स्वनिधी योजना आहे. सुरुवातीला त्यात पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, तारण न घेता.

सिंगापूरचं सेंटर उचलून लाखनीत ठेवता येणार नाही. ते शहर वेगळं, पैसा वेगळा. पण एक नळ, एक वीजजोड, खरकट्याची एक टाकी आणि उद्या उठवणार नाही याची खात्री, एवढं दहा ठेल्यांसाठी करायला देश श्रीमंत असावा लागत नाही. तुमच्या गावात नाश्त्याचा, चायनीजचा, पाणीपुरीचा ठेला चालवणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारा: तुझं नाव सर्वेक्षणात आहे का? माझ्या दोस्ताला माहीत नव्हतं. विचारायला तो पुढच्या सोमवारी गेला. नाव नव्हतं. अर्ज दिलाय, पोच घेतलीय. बुटीबोरीचं काय करायचं ते दिवाळीनंतर ठरवतो म्हणाला.

जाता जाता मी त्याला म्हटलं, “मग आता बोर्डावरचा सिंगापुरी राईस काढतोस का? तिथं तर तो नसतोच.”

कढई आपटत म्हणाला, “काऊन काढू? लाखनीत त मिळते ना.”

आणि एक प्लेट माझ्यासमोर सरकवली. भट्टी त्या दिवशी जोरात होती.

तर मंडळी, पुढच्या भागात भेटू. सिंगापूरला जाणार असाल तर भाताच्या रांगेत उभे राहा, टिश्यूचं पाकीट सोबत ठेवा आणि ट्रे जागेवर नेऊन ठेवा. लाखनीत आलात तर पुलावरून जाऊ नका, खालून या.